बिनव्याजी चाळीस दिवस

माझी थोरली शिलाई मशीन दुरुस्त करते. एकोणतीस वर्षांची, पदवीधर, आणि पाठीवर हत्यारांची पिशवी टाकून शिंप्यांच्या दारोदार फिरते. घरात तिला सगळे खटपटी म्हणतात. मशीन खोलली की एकेक स्क्रू ती अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने मांडते. एखादा उरला तर तिला जेवण जात नाही. हीच मुलगी क्रेडिट कार्डाचं विवरणपत्र मात्र कधी उघडून बघत नाही. मोबाइलवर एकूण आकडा दिसतो, तो भरायचा, विषय संपला.

चूक माझीही आहे. कार्ड आलं तेव्हा मीच पढवलं होतं, "तारखेच्या आत सगळी रक्कम भर, मग एक पैसा व्याज लागत नाही." तिने ते गाठीला बांधलं. मी वस्तूंच्या खरेदीबद्दल बोलत होते, एवढंच सांगायचं राहिलं.

तिचा सुट्या भागांचा व्यापारी रोख पैसे दिले की शेकड्याला दोन सोडतो. म्हणून ही दर महिन्याला एटीएममधून कार्डावर आठ हजार काढायची, त्याच्या हातावर ठेवायची आणि दोन टक्के वाचवले म्हणून घरी येऊन मिरवायची. वर्षभर हे चाललं होतं आणि मी कौतुक करत होते.

बाजाराच्या गल्लीत एक छोटं दुकान रिकामं झालं. एक शटर, एक खिडकी, टेबल मावेल एवढी जागा. तीन वर्षं तिचा त्यावर डोळा होता. अनामत साठ हजार, तीही सोमवारपर्यंत, नाहीतर शेजारचा झेरॉक्सवाला घ्यायला टपलेलाच होता. शुक्रवारी सकाळी चहा पिताना ती सहज म्हणाली, "साठ हजार कार्डावर काढते आई. चाळीस दिवस बिनव्याजी."

"रोख काढणार?"

"मग काय. दर महिन्याला काढतेच की."

मी तिच्याकडून वर्षभराची विवरणपत्रं उघडून घेतली. दर महिन्याला तेच. रोख उचल शुल्क पाचशे, खाली त्यावरचा कर, त्याच्या खाली व्याज.

"हे पाचशे कसले?"

"कार्डाची फी असेल."

"दर महिन्याला?"

"मला वाटलं सगळ्यांनाच असते."

समजावता समजावता माझा घसा कोरडा पडला. वस्तू घेतली तर मुदत मिळते. रोख काढली तर मुदत नाही, त्याच दिवसापासून व्याज सुरू, आणि काढण्याचं शुल्क वेगळं. कार्डावरून भाडं भरलं तर त्याची तिसरी फी. परदेशातून सुया मागवल्या तर चौथी.

"एकाच कार्डाला इतके भाव कशाला?"

"मला काय विचारतेस? बँक काय माझ्या माहेरची आहे?"

"तूच म्हणाली होतीस व्याज लागत नाही."

 आठ हजारांवर एकशे साठ वाचवायचे आणि त्यासाठी पाचशेच्या वर घालवायचे. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. आणि आता हाच मसाला साठ हजारांना लावायला निघाली होती.

"पण दुकानाला रोखच लागणार ना," ती म्हणाली.

दुकान चष्मेवाल्या बाईंचं आहे. मी विचारलं, "बाई तसं म्हणाल्या?"

ती मोबाइल चाळायला लागली.

"म्हणजे विचारलंच नाहीस?"

"सुट्या भागांवाला रोखच मागतो, म्हणून मला वाटलं..."

मी कपाळावर हात मारला आणि फोन लावायला सांगितलं. बाई म्हणाल्या, "रोख? नोटा मोजत कोण बसणार, बाई? खात्यात टाक."

खात्यात पंचेचाळीस हजार होते, टेबल आणि दिव्यांसाठी बाजूला ठेवलेले. त्यातून या महिन्याचे आठ हजार आणि वरचं व्याज आजच कार्डावर भरायचं, तारखेची वाट बघायची नाही, असं मी तिच्या दुसऱ्या कानात बजावलं. ती फोनवर बाईंना म्हणाली, "पस्तीस आज देते. बाकीचे दोन महिन्यांत. चालेल का?"

 

"माझी जुनी मशीन अडकते," बाई म्हणाल्या. "ती नीट करून दे. झेरॉक्सवाल्याला मी काय ते सांगते."

फोन ठेवल्यावर तिने आधी कार्डाचे पैसे भरले, मग बाईंचे. खात्यात दीड हजार उरले. टेबलाचे मी देते म्हटलं तर "नको." मग विचारते, "टेबल कार्डावर घेतलं तर ती खरेदीच ना?"

"खरेदीच. पण दुकानदार हप्ते करून देतो म्हणाला तर..."

"त्याची फी वेगळी. कळलं. टेबल पुढच्या महिन्यात."

सोमवारी शटर उघडलं. चष्मेवाल्या बाईंची मशीन तिने सतरंजी टाकून जमिनीवरच दुरुस्त केली, तीन तास मांडी घालून. गुडघे धरतील म्हणून सांगितलं. ऐकते कुठे.