आक्कांना अर्थ हवा असे

नाव कळलं की अर्थही विचारायचा, ही चांदे गावच्या आक्कांची खोड. हयात शेळ्या-मेंढ्यांमागे गेलेली, शाळा जेमतेम चौथी. कुठल्याही खोक्यावरचं इंग्रजी दुसऱ्याकडून वाचून घ्यायच्या आणि त्यावर बोट ठेवून म्हणायच्या, "आता ह्याचा अर्थ सांग."

मी तेव्हा पिरंगुटला कॉम्प्युटरच्या दुकानात विक्रीला होते. तिथं आलेल्या आक्का एका लॅपटॉपच्या खोक्यावरच्या 'एआय रेडी' या शब्दांपाशी पहिल्यांदा अडल्या. "रेडी म्हंजी आत हाय, का यायचंय अजून?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पुढं गावानं वर्गणी काढून शाळेला पाच लॅपटॉप द्यायचं ठरवलं. शाळेच्या समितीत आक्का होत्या. आमच्या मालकांनी 'प्रो' नावाचं मॉडेल पाठवलं; पोचवायला मी गेले. मुख्याध्यापक नारळ घेऊन उभे, पोरं रांगेत बसलेली, आणि आक्का पोचपावतीवर सहीच करेनात.

"प्रो म्हंजी काय?"

"म्हणजे... भारी, आक्का."

"कशानं भारी?"

सरपंच वैतागले. "आवो, कंपनीनं ठिवल्यालं नाव हाय. सोडा की!"

"आमी शेळीला ढवळी म्हनलं तर ती पांढरी असती. ह्या नावामागं काय हाय, ते सांगू द्या ह्या पोरीला."

मी सगळ्यांसमोर कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस सहज म्हणाला, "मॅडम, ते फक्त मार्केटिंगसाठी आहे." मग मी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. आमच्याच दुकानातल्या साध्या नावाच्या लॅपटॉपपेक्षा या 'प्रो'ची मेमरी निम्मी होती. वाटलं, गप्प बसावं. पण आक्का माझ्याकडंच बघत होत्या. जे होतं ते मी सांगून टाकलं.

लॅपटॉप परत गेले. पाठोपाठ माझी नोकरीही गेली.

आठवड्यानं आक्का माझ्या दारात हजर. "माज्यापायी गेली न्हवं नोकरी? माजी रस्त्याकडची खोली मोकळी हाय. तितं दुकान टाक."

"मला जमेल का आक्का?"

"खरं बोलायला जमलं की सगळ्यांसमोर. त्येच अवघड हुतं."

शाळेनं साध्या नावाचे पाच लॅपटॉप माझ्याकडूनच घेतले. खोकी उघडताना आक्का शेजारी ठाण मांडून बसल्या होत्या. एकेक शब्द फोडून सांगितला, तेव्हा कुठं सही मिळाली.

गेल्या वर्षी आक्का गेल्या. दुकान चालू आहे. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "ताई, हे 'अल्ट्रा' म्हणजे काय?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "बसा, शोधून सांगते."