वीस चिठ्ठ्यांचा डबा

लोणखेड्याला कॉलेजात असताना आम्ही चार मित्र राक्षस-जादूगारांचा खेळ खेळायचो; एक जण गोष्ट रचून खेळ चालवायचा आणि बाकी तिघांचा त्यात आपापला एक गडी असायचा, माझा जादूगार. नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स होती, पण वीस बाजूंचा फासा शहाद्यात कुठेच मिळेना. मग खेळ चालवणाऱ्या मित्राने एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून कडीच्या डब्यात टाकल्या. एकची चिठ्ठी निघाली की आपला गडी मेला. दोन वर्षांत एकाचाही गडी मेला नाही, याचा मला भारी माज होता.

परवा आम्ही चौघे पुन्हा जमलो, तेव्हा एकाने सुरतेहून चकचकीत फासा आणला होता. पहिल्याच फेकीत एक पडला आणि माझा जादूगार गेला. मी चिडून म्हणालो, असल्या फाशापेक्षा आपला डबाच खरा.

खेळ चालवणारा हसला. "एकनी चिठ्ठी मी टाकेलच नव्हती. तुम्ही मरी जातात, मंग मी कोनासंगे खेळतू?"