बॅटरीचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी गुजरातेत, भरूचकडच्या एका केमिकल कारखान्यात ऑपरेटर आहे. गाव माझं सेनगावकडच्या गोरेगावजवळचा तांडा. शाळा अकरावीत सुटली. इथं कारखान्यात आम्ल आणि अल्कोहोल तापवून एस्टर करतात. ही अभिक्रिया पुरती होत नाही, मध्येच थबकते. थबकते म्हणजे बंद पडत नाही — जेवढं बनतं तेवढंच मोडत राहतं. हे मला इथं कुणी शिकवलं नाही. एका मॅडमनी शिकवलं, आणि त्याच शिदोरीवर मी हेल्परचा ऑपरेटर झालो. तरी सॅम्पलचा आकडा यायला उशीर झाला की अजून मी लॅबच्या दाराशी जाऊन उभा राहतो.

मॅडम आमच्या ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर होत्या, जेवढे तास तेवढाच पगार. संस्था ठेवील तर जूनमध्ये परत, नाहीतर नाही. समतोल शिकवताना त्या आमच्या सेनगावच्या जीपचं उदाहरण द्यायच्या — जेवढे उतरतात तेवढेच चढतात. जीप कायम खच्चून भरलेली, माणसं मात्र बदलत राहतात. बनलेल्याला उरलेल्यानं भागायचं. कुठल्याही क्षणी येतो तो आकडा क्यू. क्यू लहान असला तर अभिक्रिया पुढं सरकते, मोठा असला तर मागं. शेवटी ज्यावर येऊन टेकतो, तो के, म्हणजे स्थिरांक. सुरुवात कशीही करा, तापमान तेच असलं की के तोच. मला ते फार आवडलं होतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

हेच त्या प्रयोग करून दाखवणार होत्या, संस्थेच्या अध्यक्षांसमोर. त्यांना पुढं ठेवायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं. आम्हा पोरांना हे माहीत होतं. मलाही.

प्रयोगाला डिस्टिल्ड वॉटर लागतं. आमच्याकडं ते सेनगावच्या बॅटरीच्या दुकानातून यायचं. आदल्या दिवशी मॅडमनी मला पाठवलं. मलाच का? — भरवसा होता म्हणून.

येताना जीपवाले काका म्हणाले, "दे की पोरा, ब्याटरी कोरडी पडून राहिली. पुढची सीट देतो तुला, सायबावानी बस."

मागं लटकून जाणारा मी पुढं बसलो. कॅनमधलं पाणी काकांच्या बॅटरीत गेलं, तळाशी थोडंच उरलं. कॅन मी कॉलेजच्या बोअरवर भरला. पाणी ते पाणी, असं वाटलं का मला? नाही. त्या बोअरच्या पाण्यानं भांड्यावर पांढरा थर चढतो, हे रोज बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी परीक्षानळ्यांत लोखंडाचा क्षार आणि थायोसायनेट वेगवेगळ्या मापानं घेतलं. रक्तासारखा लाल रंग आला. मग त्यांनी माझ्या कॅनमधलं पाणी घातलं. रंग गढूळला, पिवळट गाळ धरला. रंग जुळवून आकडे काढले, तर प्रत्येक नळीचा के निराळा.

अध्यक्ष हसले. "मॅडम, तुमचा स्थिरांक तर लई हालून राहिला की!" वर्ग हसला. मीही हसलो.

मॅडमनी कॅन उचलून वास घेतला. माझ्याकडं बघितलं. "पाणी दुकानातलंच ना रे?"

"व्हय मॅडम. बराबर तिथलंच."

त्यांनी कॅन खाली ठेवला आणि अध्यक्षांकडं वळून म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल, सर."

त्यांना पुढं ठेवलं नाही.

भाड्याची खोली सोडून जायच्या दिवशी मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, तू मन लावून ऐकतोस, काही झालं तरी रसायन सोडू नकोस. स्वतःचं पुस्तक दिलं, पेन्सिलीच्या खुणांसकट. मी दोन्ही हातांनी घेतलं. पाया पडलो. दारात उभ्या उभ्या बोलायला पुष्कळ वेळ होता.

बोललो नाही.