माझा विरोध लिहून घ्या

आमच्या सोसायटीत सगळे ठराव सर्वानुमते होतात. म्हणजे प्रोसिडिंग बुकात तसं लिहिलेलं असतं. गच्चीवरच्या सभेत भांडून घसे बसले तरी वहीत कुणाचा विरोध उमटत नाही. विरोध लिहिला की माणसाचं नाव खराब होतं, अशी इथली समजूत. यवतमाळला राहायला आल्यापासून मी या गोष्टीला हसतच आले होते.

या वेळी मात्र विषय आमचाच निघाला. माझ्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला, तेव्हा आम्ही सोसायटीला विचारून दारापुढच्या पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करून घेतला होता. घर तळमजल्यावर असलं तरी त्या तीन पायऱ्या होत्याच. उतारावरून यांची व्हीलचेअर दवाखान्यात व्यायामाला जायची आणि संध्याकाळी फाटकाशी. येणाऱ्याजाणाऱ्याला हटकून चार शब्द बोलणं, एवढंच सुख यांना उरलं होतं. आता म्हणे उतार तोडून तिथे मोटारसायकली लावायच्या. मी सभेत उभी राहून ओरडले, माझा विरोध आहे म्हणून.

पुढच्या सभेत सेक्रेटरींनी रिवाजाप्रमाणे मागचं इतिवृत्त वाचलं. ते निवृत्त तलाठी, आमच्या वरच राहतात. त्यांनी वाचलं, "उतार काढण्याचे सर्वानुमते ठरले." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझा विरोध कुठे गेला?"

"वहिनी, तुमचं नाव कायले खराब करू म्हनून नाई लिवलं," ते अगदी मायेनं म्हणाले. "आन् फ्लॅट भाऊच्या नावानं हाय. मेंबर ते. तुमचा विरोध कायद्यात बसत नाई."

हजेरीत यांच्या नावापुढे सही माझीच होती. कोरम भरायला ती चालली होती. यांना येता यावं म्हणून सभा खाली घ्या म्हटलं, तर नोटिशीत जागा गच्ची लिहिलेली, तेही कायद्यात बसेना. मी अक्षरशः हात जोडले. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "विषय पुन्हा घेऊ. भाऊले वर आना, त्यायच्या तोंडून ऐकू."

खाली येऊन यांना सांगितलं. जड जिभेनं हे म्हणाले, "मले वर ने."

मी एकटी कशी नेणार? पण चार जण आपणहून खाली आले आणि यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं. वळणावर खुर्ची तिरकी झाली. यांनी घाबरून कठडा धरला तो सोडेनात. लुंगी सरकली, ती सावरत मी मागून चढले. वर पोचल्यावर हे एकच शब्द बोलले, "विरोध." सेक्रेटरींनी नाव, फ्लॅट नंबर, सगळं नीट लिहून घेतलं. मला वेडीला वाटलं, जिंकलो.

मग चौघांतला एक घाम पुसत म्हणाला, "पाहा, तीन मजले आनलं का नाई आमी? मंग तीन पायऱ्यायचं काय घेऊन बसल्या? हाक मारत जा, वहिनी."

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. हात वर झाले. ठराव बहुमतानं मंजूर, विरोध एक, नावासह. खाली आणखी एक ओळ लिहिली गेली, सदर सभासदास उचलण्यास सर्वजण सहकार्य करतील. या लोकांतला एकही माणूस वाईट नाही, आणि म्हणूनच मला कुणाला शिव्याही देता येत नाहीत.

उतार फोडल्यावर दवाखान्याचा दिवस आला. यांना शर्ट घालून दाराशी आणलं आणि हाका मारल्या. पुरुष कामावर गेलेले. वरून सेक्रेटरींची सून डोकावली, "संध्याकाळी मानसं आली का सांगतो, काकू." मी स्वतःच खुर्ची ढकलली. पहिल्याच पायरीवर चाक अडकलं, खुर्ची पुढे झुकली, हे पडता पडता वाचले. कशीबशी खुर्ची मागे ओढली. यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं.

"राहू दे. लोकायले तरास कायले?"

आता मी बाहेर न्यायचं नाव काढलं, की हे भिंतीकडे तोंड करतात.