गाडीत बसतील तेवढे सगळे

माझं सीटकव्हरचं दुकान आणि त्याचं चाकांचं दुकान यांत एकच भिंत आहे, आणि माझं वजन शहाण्णव किलो आहे. या दोन गोष्टींपायी गेली एकवीस वर्षं मला दिवसातून एकदा तरी कुणाच्या ना कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसावं लागतं. हातातली शिवण टाकून, चहा गार करून. त्याचे कुणी आभार मानत नाही. "जरा डावीकडे सरक," एवढंच काय ते ऐकू येतं, तेही गाडीखालून.

त्याला सगळे मिलिमीटर म्हणतात. नाव मीच ठेवलं, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. लहान गाडीला मोठी, रुंद चाकं लावायची लोकांना भारी हौस. गिऱ्हाईक येतं तेच मुळी फोटो दाखवत. सोळा इंची पाहिजे, चाक बाहेर आलेलं दिसलं पाहिजे. मिलिमीटर सगळं ऐकून घेतो आणि मग चालू होतो. रिम मोठी केली की रबराची उंची कमी करायची, म्हणजे चाक एकूण तेवढंच राहतं. नाहीतर स्पीडचा काटा खोटं बोलायला लागतो. शिवाय रिमच्या आतल्या अंगाला एक आकडा कोरलेला असतो, त्याला ऑफसेट म्हणतात. आकडा मोठा तर चाक आत बसतं, लहान तर बाहेर येतं. सात मिलिमीटरची चूक झाली तर वळणावर टायर मडगार्डला घासतो. आणि मेख अशी की रिकाम्या गाडीत घासत नाही, भरलेल्या गाडीत घासतो.

म्हणून त्याचा नियम: गाडीत जेवढी माणसं बसणार तेवढी सगळी घेऊन या. आधी एकाच बाजूची दोन चाकं चढवायची, माणसं भरायची, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, दारातल्या उंचवट्यावरून गाडी घ्यायची. जमलं तर उरलेली दोन. एकानं छातीठोकपणे सांगितलं होतं, आम्ही दोघंच असतो. दुसऱ्या दिवशी बायको, सासू, मेहुणी आणि मेहुणीचा कुत्रा असा लवाजमा उतरला. ती चाकं रद्द झाली. असली गिऱ्हाइकं वैतागून हायवेवरच्या गॅरेजात जातात, तिथं काहीही लावून मिळतं. मी त्याला किती वेळा म्हटलं की बाबा रे, दुकान चालवतोस की परीक्षा घेतोस. पण ऐकेल तो मिलिमीटर कसला.

त्याची लेक मात्र त्याच मुशीतली. कॉलेज सुटलं की दुकानात. पुढे कॉलेज संपलं तरी दुकानातच. हात बापापेक्षा हलका आणि डोळा बापापेक्षा तेज, हे मी तिच्या देखत कधी बोललो नाही, त्याच्या देखत तर नाहीच.

तीन वर्षांपूर्वी तो एकदा कामाला बाहेर गेला असताना तिनं एका गाडीला चारी चाकं बसवली. माणसं भरून पाहिली, मी स्वतः मागे बसलो होतो. कुठं घासलं नाही. तेवढ्यात हा आला. दाराशी रिमचं खोकं पडलं होतं, त्यावर छापलं होतं अडतीस. झालं, याचं डोकं फिरलं. अडतीस म्हणजे चाक बाहेर येणार, घासणार, जीव घेशील कुणाचा तरी. ती म्हणाली की रिमवर पंचेचाळीस आहे, बघा तरी. यानं बघितलं नाही. स्वतःचा नियमसुद्धा पाळला नाही. चार गिऱ्हाइकांसमोर चारी चाकं उतरवली आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "माफ करा, हिला अजून कळत नाही." तिनं हात पुसले, पर्स उचलली आणि ती मावशीकडे राहायला गेली.

त्याच संध्याकाळी रिमा खोक्यात भरताना त्यानं मला हाक मारली. म्हणाला, तुझा चष्मा नवा आहे, जरा वाच. मी रिमच्या आत बॅटरी धरली. पंचेचाळीस होतं. चारही रिमांवर पंचेचाळीस. खोकंच भलतं आलं होतं. त्यानं खोकं बंद करून दोरी बांधली. मग म्हणाला, कुठं बोलू नकोस.

मीही बोललो नाही. त्यात माझी काही शोभा नाही. पण दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसा, असं स्वतःला सांगत राहिलो. त्याला तिच्याशी एकच वाक्य बोलायचं होतं. ते राहिलं ते राहिलंच. तिनं एका टायर कंपनीच्या दुकानात नोकरी धरली, वर्षभरात लग्न केलं. लग्नात हा शेवटच्या रांगेत परक्यासारखा बसला आणि जेवून आला. नातू झाला. याची बायको तिकडे जाऊन-येऊन होती, हा फोनवर फोटो बघायचा. मी काही विचारलं की म्हणायचा, बरंय सगळं.

गेल्या महिन्यात जावई आले. शाळेत इतिहास शिकवतात, चाकातलं ओ की ठो कळत नाही. छोटी गाडी घेतली होती, चौदा इंची चाकांची, आणि हातात बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी: टायरचं माप एकशेपंच्याण्णव, पंचावन्न, पंधरा, ऑफसेट चाळीस. म्हणाले, ती म्हणाली की चाकं बाबांकडूनच लावून आणा. एवढं सांगून त्यांनी चिठ्ठी पुढे केली. मिलिमीटरनं चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाला, "गाडीत बसतील तेवढे सगळे घेऊन या. शनिवारी."

नियम होता म्हणून म्हणाला की कशासाठी, ते मला विचारू नका. शनिवारपर्यंत त्यानं दुकानाची फरशी तीनदा धुतली.

शनिवारी ते आले. पुढे जावई, मागे विहीणबाई, मध्ये बाळाची खुर्ची आणि पलीकडे ती. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं थांबली होती. ती खाली उतरली नाही, फक्त "कसे आहात काका" असं मला म्हणाली. त्यानं डावीकडची दोन चाकं चढवली. माझी गरज नव्हती, तरी मी भिंतीला टेकून उभा राहिलो. जावयांनी स्टिअरिंग फिरवलं, गाडी उंचवट्यावरून घेतली. तो खाली आडवा होऊन मडगार्डात बोटं घालून बघत होता. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं. मग उठला, मागच्या काचेशी आला. हळू बोलायची त्याची सवय, पण त्या दिवशी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"आकडा बरोबर आहे. तेव्हाचाही बरोबर होता. मी खोकं वाचलं, रिम वाचली नाही."

तिनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

विहीणबाई बाळाचं टोपडं सारखं करायला लागल्या. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली, कारण ती संध्याकाळ माझीही होती. तीन वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत, आणि तिच्या चेहऱ्यावर ती सगळी दिसत होती. ती रडली वगैरे नाही. बाळाच्या खुर्चीचा पट्टा तिनं एकदा ओढून बघितला. मग दार उघडून उतरली, ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "उजवीकडची मी लावते."

तो बाजूला झाला. तिनं जॅक लावला, जुनी चाकं काढली, नव्या रिमच्या आत वाकून आकडा वाचला, चाकं चढवली आणि नट आवळले, एक सोडून एक. हातोटी तीच होती. पाना जागेवर ठेवून ती बाळाकडे गेली.

आता याचं कसं आहे, नट कुणीही आवळो, हा पुन्हा पाना लावून बघितल्याशिवाय गाडी सोडत नाही. स्वतःचेसुद्धा बघतो. त्यानं डावीकडच्या दोन्ही चाकांचे नट तपासले, मग उजव्या अंगाला आला. पाना हातात होता. पुढच्या चाकाशी थोडा वाकला. मग सरळ झाला, पाना खुंटीला अडकवला आणि जॅक खाली घेतला.

इतिहासाचे असले तरी मास्तर ते मास्तर. जावई म्हणाले, "बाबा, इकडची दोन तपासायची राहिली."

"ती तिनं बसवलीत," तो म्हणाला.