कोणाच्या नावानं?

मी संशयी बाई आहे, हे आमच्या बिल्डिंगीतलं मांजरसुद्धा सांगेल. त्यामुळे समोरच्या ओतिलियानं एका मंगळवारी सकाळी दार वाजवून माझ्या हातात निळं एनॅमलचं पातेलं ठेवलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली, यात नवल नाही.

"कोणाच्या नावानं?" मी विचारलं.

"कोणाच्याच नाही, साफ्ताकाकू. तुम्ही घ्या फक्त."

आमच्या कालाफात शहरात असं कोणी देत नाही. पातेलं, खुर्ची, पडदा, शर्ट, घरातलं काही बाहेर गेलं तर ते मेलेल्या माणसाच्या नावानं जातं. देणाऱ्यानं मेणबत्ती लावायची, नाव घ्यायचं, आणि घेणाऱ्यानं म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." मग ती वस्तू वर त्याला पोचते. इथे मेणबत्ती नाही, नाव नाही, आणि पातेलं मात्र घासूनपुसून लख्ख.

पुढच्या तीन दिवसांत तिनं वरच्या मास्तरांना दोन खुर्च्या दिल्या, खालच्या मजल्यावर पडदे दिले, आरसा दिला. सगळं विनानावाचं. मी दाराच्या भोकातून एकेक वस्तू जाताना पाहिली. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं बघावं वाकून, म्हणतात ना. त्यात मी तयार आहे.

ओतिलिया सोरिनची बायको म्हणून या बिल्डिंगीत आली. सहा वर्षांपूर्वी तो स्ट्रॉबेरी तोडायला स्पेनला गेला आणि तिथंच दुसरीशी संसार थाटून बसला. घटस्फोट झाला. ही बेकरीत राबून आठ वर्षांच्या इलिन्काला वाढवते. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. अशाच बायकांचं मला जास्त भय वाटतं.

आधी वाटलं, सोरिन मेला आणि ही लपवतेय. मग जिन्यात तिच्या हातात दवाखान्याचा कागद दिसला आणि वाटलं, हीच मरायला टेकलीय. आमच्यात काही माणसं मरण जवळ आलं की स्वतःच्याच नावानं आधी देऊन ठेवतात, मागं कोणी देईल न देईल म्हणून. पोरगीही खुशीत दिसेना. तिला गाठलं.

"आई बरी आहे ना गं?"

"बरी आहे. म्हणते, आता आपल्याला दोनच ताटल्या पुरेत."

"आणि पाहुणा आला तर?"

"पाहुणे पुरे झाले म्हणते."

झालं. मी गावाकडे तिच्या सासूला, फ्रुसीनाला, फोन लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारी सकाळच्या बसनं फ्रुसीना आली. डोक्याला काळा रुमाल, हातात मेणबत्ती, आणि काखेत एक मोठी रिकामी पिशवी. ती पिशवी इलिन्काच्या कपड्यांसाठी होती. तरी मी मागोमाग आत गेलेच.

खोलीत दोन पलंग, एक टेबल. भिंती उघड्या.

"मरायचं असेल तर मर बाई," फ्रुसीना उंबऱ्यातूनच म्हणाली, "पण माझी नात परक्यांत जाणार नाही. नाहीतर सांग, माझा सोरिन गेला का?"

"सोरिन ठणठणीत आहे, आई. काल फोनवर भांडला माझ्याशी. आणि मीही मरत नाही."

"मग शहाणी बाई घर वाटत सुटते होय? तुझं डोकं फिरलंय. मी कोर्टात जाईन, पोर माझ्याकडे मागेन. ही साफ्ता साक्ष देईल. हिनंच मला फोन केला."

ओतिलियानं माझ्याकडे बघितलं. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"काकू, ते पातेलं आणा जरा. उलटं करा."

मी आणलं, उलटं केलं. बुडाला लाल नेलपॉलिशचे तीन ठिपके. जेवणावळीत भांडी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आम्ही अशी खूण करतो. तीन ठिपके माझे. पाच वर्षांपूर्वी, माझा नवरा पानाइत गेला त्याच्या चाळिसाव्या दिवशी, मीच मेणबत्ती लावून ते हिला दिलं होतं आणि विसरले होते.

"सोरिन गेल्यापासून बिल्डिंगीत कोणी मेलं की माझं दार वाजतं," ओतिलिया म्हणाली. "एकटी बाई, पदरात पोर, हिलाच द्या. खुर्च्या वारलेल्या मास्तरीणबाईंच्या, आरसा खालच्या मेलेल्या आजीचा. सहा वर्षं मी तुमच्या मेलेल्यांच्या ताटात जेवतेय. गेल्या महिन्यात इलिन्कानं विचारलं, आई, हा कप कुठल्या मेलेल्याचा? त्या दिवशी ठरवलं. ब्राशोवच्या एका शाळेत स्वयंपाकाची नोकरी मिळालीय. त्यासाठीच दवाखान्याचा कागद. एक खोली आहे. आम्ही दोघी आणि मी विकत घेतलेल्या दोन ताटल्या. बाकी ज्याचं त्याला."

"मग तसं सांगायचं ना!" मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर घेतलं असतं तुम्ही?"

नसतं घेतलं. मेलेल्याच्या तोंडचं काढून घेतल्यासारखं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बोलायला कोणीही बोलेल," फ्रुसीना म्हणाली. "साफ्ता, तू सांग. हिचं डोकं ठिकाणावर आहे का?"

इलिन्कानं आईचा ॲप्रन घट्ट धरला होता. पोर आजीकडे गावाला गेली असती तर सुटीत मला दिसली असती. ब्राशोव लांब. तेही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू.

"या बिल्डिंगीत हिचंच ठिकाणावर आहे," मी म्हटलं. "संशय माझा होता. कोर्टात बोलावलंस तरी हेच सांगेन, आणि पातेलं घेऊन येईन."

फ्रुसीनानं एकदा त्या तीन ठिपक्यांकडे बघितलं. मग नातीचे मुके घेतले, पिशवीची घडी घातली आणि दुपारच्या बसनं गेली. माझ्याशी बोलली नाही. अजूनही बोलत नाही.

पातेलं माझ्या ओट्यावर पालथं पडलंय, ठिपके वर. कुणाला द्यायचं ते सुचत नाही.

पुढच्या रविवारी त्या दोघी निघाल्या. दोन बॅगा फक्त. मी बाजारातून एक कप आणला होता, पांढरा, वर चेरीचं चित्र. बसजवळ तो ओतिलियापुढे धरला.

तिनं डोळे बारीक केले. "कोणाच्या नावानं?"

"कोणाच्याच नाही. घे."

तिनं तो उलटा करून बघितला. खाली दुकानाची चिठ्ठी होती, दुसरं काही नाही. मग तिनं तो इलिन्काच्या हातात दिला.

"थँक्यू, काकू," ओतिलिया म्हणाली.

इतक्या वर्षांत माझ्या हातून काही घेताना तिनं पहिल्यांदाच देवाला मध्ये आणलं नाही.