नथ्थूचा गुलमोहर

मुकुटबनजवळच्या पंचफुलाबाईचा नवरा नथ्थू कॅमेरा दिसला की रानडुक्कर पाहिल्यासारखा पळत सुटायचा. तो गेला, तर हार घालायला घरात त्याचा एक फोटो नाही. या मे महिन्यात त्याने शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावलेला गुलमोहर पहिल्यांदाच लालभडक फुलला, तशी बाईने गावातल्या फोटोवाल्याला शेतात बोलावलं. "मले या झाडासंगं फोटो पाह्यजे," म्हणाली, आणि ठेवणीतलं लुगडं सारखं करून झाडाला लागून उभी राहिली.

"काकू, तिकडे तोंडावर सावली पडून राह्यली. झाडाच्या उजवीकडे या."

बाई हलली नाही. तिने डोक्यावरचा पदर नीट ओढला आणि बुंध्यावर हात ठेवला.

"पडू दे सावली. बायको डाव्याच अंगाले उभी राह्यते, बाबू."